तणनाशक लागू पडत नाही? औषध बदलण्याआधी नोजल बघा

उद्यमबागेतली फौंड्रीची नोकरी सोडून मी घरच्या शेतीत उतरलो, त्या पहिल्या पावसाळ्याची गोष्ट. दोन एकर सोयाबीन होतं. कुरीनं पेरलेलं, उगवण चांगली. भांगलणीला बायका मिळेनात म्हणून तणनाशक आणलं. गोठ्यात बाबांचा जुना पंप टांगलेला होता. त्याच्या नोजलकडे न बघता तो पाठीला लावला आणि लोक मारतात तसं डावीकडून उजवीकडे हात फिरवत मारून मोकळा झालो. दहा दिवसांनी रान बघितलं तर झेब्र्यासारखं! एक पट्टा तण जळालेलं, एक पट्टा हिरवागार. दुकानदाराशी भांडलो, दुसरं महागडं औषध आणलं आणि ते परत त्याच नोजलनं मारलं. पट्टे तेवढे जागा बदलून आले.

औषधाचा काही दोष नव्हता. नोजल कीटकनाशकाचं होतं आणि हात फिरवण्याची पद्धत चुकीची होती. हे कळायला मला दोन हंगाम आणि बऱ्यापैकी पैसे लागले. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी भागात नव्यानं शेती हातात घेणाऱ्यांचे तेवढे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी हाताशी काय लागतं

- १६ लिटरचा पंप, हातानं दांडा मारायचा किंवा बॅटरीचा. तणनाशकासाठी वेगळाच ठेवा. कारण पुढे येईल.
- दोन-तीन प्रकारची नोजलं, प्रत्येकाच्या मागे बसणारी बारीक जाळी आणि रबरी वॉशर
- एक लिटरचं मापाचं भांडं, मिलीच्या खुणा असलेला छोटा कप, मोबाईलमधलं घड्याळ, टेप, चार खुंट्या, सुतळी
- जुना दात घासायचा ब्रश
- रबरी हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, तोंडाला मास्क
- औषधाचं पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. औषधाबद्दल तक्रार करायची वेळ आली तर बिलाशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

पंप सवलतीत घ्यायचा असेल तर आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, चौकशी करा. आधार, उतारा (तिथे 'पहाणी' म्हणतात), बँक पासबुक आणि 'फ्रूट्स'चा (कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीचा) क्रमांक लागतो. अनुसूचित जाती-जमातीत असाल तर जातीचा दाखलाही. उताऱ्यावर आजोबांचं किंवा सगळ्या भावांचं नाव एकत्र असेल, किंवा आधारवरचं आणि पहाणीवरचं नाव अक्षरानं जुळत नसेल, तर काम तिथेच अडतं. ते आधी दुरुस्त करून घ्या, पेरणीच्या घाईत ते होत नाही. फॉर्म कन्नडमध्ये असतात. 'कळे' म्हणजे तण, 'कळेनाशक' म्हणजे तणनाशक आणि 'सिंपडणे' म्हणजे फवारणी एवढे शब्द माहीत असले तरी काउंटरवर बरंच निभावतं.

१. नोजल ओळखायला शिका

नोजलचं तोंड उघडून पाण्याची फवारणी करून बघा. तिचा आकार सगळं सांगतो.

*शंकूचं नोजल.* पाणी गोल फिरत बाहेर येतं आणि मधे पोकळ गोल पडतो. बहुतेक पंपांबरोबर हेच येतं. थेंब बारीक, धुक्यासारखे. पानांच्या मागेपुढे औषध पोचवायचं असतं तिथे, म्हणजे कीड-रोगाच्या औषधाला, हे उत्तम. तणनाशकाला नको. बारीक थेंब वाऱ्यावर जातात, आणि मधल्या पोकळ भागामुळे जमिनीवर औषध कमीजास्त पडतं.

*फ्लॅट फॅन, म्हणजे पट्ट्याचं नोजल.* पंख्यासारखा चपटा पडदा तयार होतो. जमिनीवर सरळ पट्टा पडतो, मधे जास्त आणि कडांना कमी. उगवलेल्या तणावर मारायला हेच घ्या.

*फ्लड जेट.* याला आपल्याकडे कट नोजलही म्हणतात. पाणी एका चपट्या टोकाला आपटून रुंद पसरतं. थेंब मोठे, पाणी भरपूर. पेरणीनंतर उगवणीआधी जमिनीवर मारायच्या औषधाला हे चालतं, कारण तिथे ओल्या मातीवर औषधाचा थर बसवायचा असतो, पानावर थेंब टिकवायचे नसतात.

चौथं म्हणजे फिरवून धार बारीक-मोठी करायचं पितळी नोजल किंवा एचटीपीची, म्हणजे जास्त दाबाच्या मोठ्या पंपाची, गन. झाडावर, द्राक्षाच्या मांडवावर ते ठीक आहे. तणनाशकाला हात लावू नका. प्रत्येक वेळी धार वेगळी येते, मग माप कसलं धरणार?

चांगल्या फ्लॅट फॅनवर आकडा आणि रंग असतो. ११०-०२ म्हणजे ११० अंशांचा पंखा आणि ०२ मापाचं छिद्र. रंग जगभर ठरलेले आहेत: नारंगी ०१, हिरवा ०१५, पिवळा ०२, निळा ०३, लाल ०४. तीन बार दाबाला पिवळ्यातून मिनिटाला सुमारे ०.८ लिटर पाणी जातं, निळ्यातून १.२, लालमधून १.६. पाठीवरच्या पंपात एवढा दाब सहसा टिकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच येतं. दुकानात नुसतं 'तणनाशकाचं नोजल द्या' म्हटलं तर हाताला लागेल ते देतात. रंग सांगून मागा.

२. औषध कसं काम करतं ते बघा, मग थेंब ठरवा

थेंबाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब होतात. म्हणून बारीक थेंबांनी पान चांगलं झाकलं जातं. पण तेच थेंब वाऱ्यानं उडतात, उन्हात खाली पडायच्या आत वाळतात. नोजल निवडायचं म्हणजे या दोन्हींमधली जागा शोधायची.

पॅराक्वाटसारखं स्पर्शाचं औषध जिथे लागतं तेवढंच जाळतं. पानाचा जो भाग कोरडा राहिला तो जिवंत राहिला, तिथून तण परत फुटतं. याला मध्यम थेंब, पाणी जास्त आणि पान सगळीकडून ओलं व्हायला हवं. उसाच्या सरीत मारताना नोजलला प्लास्टिकचं हूड (टोपीसारखं झाकण) लावाच. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं, तोंडानं नोजल फुंकणं, हे प्रकार घरात कोणालाही करू देऊ नका.

ग्लायफोसेट आणि २,४-डी पानातून आत शिरून झाडात फिरतात. पानाचा प्रत्येक कोपरा ओला व्हायची गरज नसते, थोडे मोठे थेंब चालतात. २,४-डीला तर मोठेच हवेत. ग्लायफोसेट कमी पाण्यात उलट जास्त चांगलं लागतं. मात्र २०२२ साली केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, म्हणून ते आणण्याआधी कृषी खात्यात विचारा. उभ्या पिकात तर ते कधीच नाही.

सोयाबीनमधलं इमॅझेथापर किंवा अरुंद पानांच्या तणाचं क्विझालोफॉपही आत शिरणारंच आहे. पण तिथे तण लहान असतं, पानं उभी आणि बारीक. मोठा थेंब त्यावरून घरंगळतो. म्हणून फ्लॅट फॅन, मध्यम थेंब, आणि औषधाच्या पत्रकात सांगितलं असेल तर स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहायला मिसळायचं द्रव. केन्याचं पान बघा, त्यावर पाणी मोत्यासारखं उभं राहतं. लव्हाळ्याचंही तसंच.

पेंडीमिथॅलिन, मेट्रीब्युझिन, अॅट्राझीन ही उगवणीआधीची. इथे झाकायची ती जमीन. ढेकळं असतील तर ढेकळाच्या मागची बाजू कोरडी राहते आणि तण तिथूनच वर येतं. आमच्याकडे भाताच्या धूळवाफ (कोरड्या रानातल्या) पेरणीत हे दर वर्षी दिसतं. ढेकळं फोडा, ओल असू द्या, आणि उलटं चालत मारा, म्हणजे बसलेल्या थरावर पाय पडत नाहीत.

३. एका गुंठ्यावर माप काढा

सगळ्या लेखातलं हेच खरं काम, आणि हेच कोणी करत नाही.

दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "पंपाला पन्नास मिली टाका." आता तो पंप एकराला किती लागतो हे त्या माणसाला कसं माहीत असेल? ते तुमच्या नोजलवर आणि तुमच्या चालण्यावर आहे.

३३ फूट बाय ३३ फूट मोजून चार खुंट्या मारा. हा एक गुंठा. पंपात मापून साधं पाणी भरा, औषध नको. नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या दाबानं तेवढंच रान मारा. उरलेलं पाणी मोजा. जेवढं गेलं त्याला ४० नं गुणा, की एकराचं पाणी निघालं.

समजा ४ लिटर गेलं. म्हणजे एकराला १६० लिटर, १६ लिटरच्या १० टाक्या. औषधाचं प्रमाण एकराला ४०० मिली असेल तर टाकीला ४० मिली. दुकानदाराच्या हिशेबानं ५० टाकले असते तर ५०० मिली गेलं असतं.

दुसरा माणूस हळू चालतो, हात फिरवतो, त्याचं गुंठ्याला ६ लिटर जातं. पंधरा टाक्या. पन्नासच्या हिशेबानं एकराला ७५० मिली! सोयाबीन पिवळं पडतं आणि तो म्हणतो औषध कडक होतं. तिसरा झपाझप चालतो, पिवळं नोजल लावलंय, २ लिटरमध्ये गुंठा उरकतो. पाच टाक्या, २५० मिली. त्याचं तण मरत नाही आणि तो म्हणतो औषध बोगस होतं. दुकान तेच, बाटली तीच.

औषधाच्या पत्रकात हेक्टरी पाणी लिहिलेलं असतं. अडीचनं भागलं की एकराचं. ५०० लिटर हेक्टरी म्हणजे २०० लिटर एकरी, म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. तुमचं फारच कमी येत असेल तर मोठ्या छिद्राचं नोजल लावा. जोरात दांडा मारून पाणी वाढवायला जाऊ नका. दाब चौपट केला तर कुठे पाणी दुप्पट होतं, तोवर थेंबांचं धुकं झालेलं असतं. माझ्या चालीला निळं किंवा लाल जमतं. तुमचं तुम्ही मोजा.

घरात दोघे मारणार असाल तर दोघांचं वेगळं माप काढा. माझं आणि बाबांचं सव्वा लिटरचं अंतर निघालं. बाबा म्हणाले, "तू पळतोस." खरं होतं ते.

४. खळ्यावर पट्टा तपासा

सिमेंटच्या कोरड्या खळ्यावर किंवा अंगणात नोजल गुडघ्याएवढ्या उंचीवर, साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर, धरून एक सरळ फेरी मारा. ओला पट्टा वाळताना बघत उभे राहा. सगळीकडे सारखा वाळला तर नोजल चांगलं. मधे एखादी रेघ बराच वेळ ओली राहिली तर तिथे जास्त पडतंय: छिद्र झिजलंय किंवा कचरा अडकलाय.

पट्ट्याची रुंदी मोजून ठेवा. फ्लॅट फॅनच्या कडा विरळ असतात, म्हणून शेतात पुढचा पट्टा आधीच्या कडेवर थोडा चढला पाहिजे. उंची नेहमी तणाच्या शेंड्यापासून मोजायची, जमिनीपासून नाही. चालता चालता हात दमतो, नळी खाली येते, पट्टा अरुंद होतो आणि मधे फट राहते. मी नळीला सुतळीनं एक छोटा दगड बांधला होता, तो तणाला टेकत राहील एवढ्या उंचीवर. शेजारचे हसले. हसू दे.

५. पाणी कसलं घेताय?

जुलैमध्ये मार्कंडेय नदीचं पाणी चहासारखं असतं, तिकडे दूधगंगा-वेदगंगेचंही तेच. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट मातीच्या कणाला घट्ट चिकटतात आणि तिथेच निकामी होतात. ओढ्यातली बादली उपसून टाकीत ओतली तर निम्मी ताकद बादलीतच गेली समजा. विहिरीचं स्वच्छ पाणी न्या, निदान रात्रभर निवळत ठेवून वरचं घ्या.

बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ असतं पण क्षारांचं. साबणाला फेस येत नसेल तर ते जड पाणी. ग्लायफोसेट आणि २,४-डीचं अमाइन मीठ त्यात कमी लागतं.

टाकी आधी अर्धी भरा, औषध टाका, हलवा, मग पूर्ण भरा. अॅट्राझीनसारखी भुकटी आधी बादलीत कालवून, गाळून घ्या. ती तळाशी बसते, म्हणून मधे थांबलात तर पंप परत हलवायचा.

६. वेळ, वारा आणि पाऊस

तण दोन ते चार पानांवर असताना मारा. हातभर वाढलेल्या तणाला कुठलंही नोजल पुरत नाही, कारण वरचं पान खालच्यावर छत्री धरतं.

वारा अगदी नसलेली पहाट चांगली असं वाटतं, पण तेव्हा बारीक थेंब खाली न बसता धुक्यासारखे सरकत जातात. पानं जेमतेम हलतायत एवढा वारा हवा. चिमूटभर कोरडी राख सोडून बघा, कुठे जाते ते. दव टपकत असेल तर उतरू द्या. घाटावरून येणारा पावसाळी वारा दुपारी वाढतो, म्हणून आमच्याकडे साधारण दहापर्यंत उरकतात. पॅराक्वाटला अर्ध्या तासाची उघडीप पुरते. पानातून आत शिरणाऱ्यांना काही तास लागतात, पत्रक बघा.

आता वाऱ्याची किंमत. मामाचं गाव निपाणीकडे. सप्टेंबरात त्यांच्या आडसाली उसात रुंद पानांचं तण फार झालं म्हणून मी २,४-डी मारून दिलं, शंकूच्या नोजलनं, वारा वाहत असताना. बांधापलीकडे चुलत मामाची तंबाखू लावून महिना झाला होता. आठवड्यात पानं वळली, देठ वाकडे झाले. २,४-डी तंबाखूला, टोमॅटोला, कापसाला, द्राक्षाला थोड्या थेंबांतही लागतं. भाऊबंदकी आधीच होती, त्यात मी तेल ओतलं. गणपतीला एकमेकांच्या घरी जायचे ते त्या वर्षी गेले नाहीत. बांधाला असं पीक असेल तर मोठ्या थेंबाचं नोजल, कमी दाब, नळी खाली, वारा आपल्या रानाकडे येणारा. यातलं एकही जमत नसेल तर ती कड भांगलून काढा.

७. मारताना

हात फिरवायचा नाही. पुन्हा सांगतो, हात फिरवायचा नाही. नोजल एका बाजूला स्थिर धरायचं, तासाच्या ओळीनं सरळ चालायचं, सारख्या पावलांनी. हात फिरवला की वळणाच्या दोन्ही टोकांना औषध दुप्पट पडतं आणि मधे तिरप्या रेघा कोऱ्या राहतात. माझा झेब्रा तिथूनच आला होता.

बांधाला वळताना खटका सोडा, नाहीतर कडेचं पीक भाजतं. बॅटरीचा पंप शेवटच्या टाक्यांना मंद होतो, पंखा आखडतो. पट्टा अरुंद दिसला की थांबा आणि चार्ज करा. "एवढीच एक टाकी" म्हणून ओढू नका.

८. मारून झाल्यावर

पंप, नळी, जाळी तीनदा धुवा, मधे एकदा धुण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवा. धुवण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मारलेल्या रानातच टाका. २,४-डीचा पंप धुऊनसुद्धा मिरचीला, तंबाखूला वापरू नका. वेगळा पंप म्हणालो तो यासाठी. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून त्यांना भोक पाडा.

नोजल तुंबलं तर ब्रशनं साफ करा. तार किंवा टाचणी घातली की छिद्राचा आकार बिघडतो आणि पट्टा कायमचा वाकडा होतो. नवीन असताना एका मिनिटात किती पाणी पडतं ते लिहून ठेवा. दाब तोच ठेवून मोजल्यावर दहा टक्क्यांनी वाढलं की नोजल फेकायचं. पितळेचं आणि साधं प्लास्टिकचं भुकटीच्या औषधांनी लवकर झिजतं, स्टीलचं जास्त टिकतं, सिरॅमिकचं त्याहून जास्त.

९. दहा दिवसांनी रानात जाऊन बघा

तण राहिलंय ते कसं राहिलंय, त्यावरून चूक सापडते.

- लांब सरळ पट्टे राहिले: दोन फेऱ्यांमधे फट राहिली, किंवा नळी खाली आली.
- नागमोडी रेघा: हात फिरवला.
- लहान तण मेलं, मोठं राहिलं: उशीर झाला.
- मोठ्या तणाखालचं लहान राहिलं: छत्री झाली, पाणी कमी पडलं.
- सुरुवातीचा भाग भाजला, शेवटी तण हिरवं: औषध नीट मिसळलं नव्हतं, तळाशी बसलं.
- सगळीकडे सारखंच पिवळं पडून परत हिरवं झालं: प्रमाण कमी, गढूळ पाणी किंवा पाऊस.
- एकाच जातीचं तण सगळीकडे ताजं, बाकी सगळं मेलं: इथे मात्र औषधच त्या तणाचं नाही. लव्हाळा आणि हरळी बऱ्याचदा अशी राहतात.

शेवटचा प्रकार असेल तर ते तण मुळासकट उपटून पिशवीत घ्या आणि रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फोटोपेक्षा तण बरं, गाठी आणि मुळं बघून ते लगेच ओळखतात. जाताना बिल, औषधाची बाटली आणि तुमचं नोजलही न्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नोजल नेलं नव्हतं. तिथल्या माणसानं पहिलं तेच विचारलं आणि मला परत घरी यावं लागलं.